एकोणपन्नासाव्या वर्षी आलेला निरोप: लिझ स्मिथची गोष्ट

लोकलमध्ये असाल, बसस्टॉपवर असाल किंवा रात्री दिवे बंद करून अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा सगळा मजकूर इथे लिहून ठेवला आहे.

सुरुवात तुमच्या ओळखीच्या सिनेमापासून करू. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’. २००५ चा, जॉनी डेपवाला. त्यात चार्लीचं ते वाकडंतिकडं, मोडकळीला आलेलं घर आठवतंय? घरात एकच मोठा पलंग. त्यावर चार आजी-आजोबा. दोघांची डोकी या टोकाला, दोघांची त्या टोकाला. त्यातली एक आजी मधूनच काहीतरी असंबद्ध बोलते आणि गोड हसते. तिचं नाव ग्रँडमा जॉर्जिना. हे काम केलं होतं लिझ स्मिथ नावाच्या ब्रिटिश नटीनं. सिनेमा आला तेव्हा ती ८३ वर्षांची होती.

तुम्ही म्हणाल, आजीच्या कामाला म्हातारी नटीच घेणार, त्यात काय विशेष? विशेष असं की, या बाईला सिनेमातलं पहिलं खरं काम मिळालं ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्याआधी ती काय करत होती? कारखान्यात, पोस्टात, दुकानात नोकऱ्या. निरोप आला तेव्हा ती लंडनच्या एका खेळण्यांच्या दुकानात काउंटरवर उभी होती.

आता अशी गोष्ट ऐकली की आपल्या फोनवर लगेच काय येतं? मागे हळवं संगीत आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘स्वप्नांना वय नसतं’. तीस सेकंदांत रील संपतं, आपण लाइक करतो आणि पुढे जातो. मला आज त्या रीलशी थोडं भांडायचं आहे. कारण लिझ स्मिथची गोष्ट नीट पाहिली, तर तिनं उशिरा सुरुवात केली असं म्हणताच येत नाही. सुरुवात तिनं फार आधी केली होती. तिला आत घेतलं गेलं उशिरा. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे, आणि आजचा भाग त्या फरकाबद्दल आहे.

पोलादाच्या गावातली पोर

लिझ स्मिथ हे तिचं जन्मनाव नव्हे. ती बेटी ग्लीडल. जन्म ११ डिसेंबर १९२१, गाव स्कनथॉर्प. इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातलं, लोखंड-पोलादाच्या कारखान्यांवर जगणारं हे गाव. लंडनच्या नाट्यगृहांपासून, तिथल्या मोठ्या लोकांपासून लांब.

ती दोन वर्षांची असताना तिची आई बाळंतपणात गेली. पुढे वडिलांनी दुसरं लग्न केलं. नव्या बायकोची अट अशी की जुन्या संसाराशी काही संबंध ठेवायचा नाही. वडिलांनी ती अट मान्य केली. म्हणजे बघा, सात वर्षांची मुलगी, आई नाही, आणि वडील जिवंत असून नाहीत. तिला वाढवलं आजीनं. आजी स्वतः विधवा.

या आजीचा एक गुण फार महत्त्वाचा. तिला नाटक-सिनेमाची आवड होती आणि ती नातीला बोटाला धरून बरोबर न्यायची. अगदी लहानपणापासून. तो मूकपटांचा काळ होता. घरी शांतता, बाहेर कारखान्यांचा धूर आणि मध्येच अंधाऱ्या सभागृहात उजळलेला पडदा. त्या पोरीला तिथेच कळलं की आपल्याला हेच करायचंय. ही इच्छा पन्नाशीत अचानक उगवलेली नव्हती, हे इथे लक्षात ठेवा. ती चार-पाच वर्षांच्या वयापासूनची होती.

मग ती लगेच नाटकात का गेली नाही?

थोडा त्या काळाचा विचार करू. तिसाव्या-चाळिसाव्या दशकातल्या ब्रिटिश रंगभूमीवर बोलण्याची एक ठरावीक पद्धत होती. बीबीसीच्या निवेदकांसारखं घोटीव, वरच्या वर्गाचं इंग्रजी. नाट्यशाळांमध्ये तेच शिकवायचे. उत्तरेकडचा, कामगारवस्तीतला हेल असेल तर तुमच्या वाट्याला मोलकरीण, नाहीतर दोन वाक्यांचा विनोदी नोकर. आपल्याकडे नाही का, नायिका पुण्याच्या पेठेतल्यासारखं बोलणार आणि गावाकडची भाषा फक्त घरगड्याच्या तोंडी, असं कितीतरी वर्षं चाललं? तसंच. त्यात नाट्यशाळेची फी, लंडनमध्ये राहण्याचा खर्च. स्कनथॉर्पमधल्या, आईबापांविना वाढलेल्या मुलीला हे सगळं कसं झेपणार?

युद्ध, लग्न आणि मोडलेला संसार

त्यातच दुसरं महायुद्ध आलं. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटननं अविवाहित तरुणींनाही सक्तीनं युद्धकामाला लावणारा कायदा केला. वयाची अट होती २० ते ३०. आपली बेटी त्याच महिन्यात २० वर्षांची झाली. युद्धाच्या काळात ती नौदलाच्या महिला शाखेत होती. या शाखेतल्या मुलींना लोक ‘रेन्स’ म्हणायचे. या नोकरीच्या निमित्तानं ती थेट भारतापर्यंत येऊन पोहोचली.

१९४५ मध्ये तिनं जॅक थॉमसशी लग्न केलं. दोन मुलं झाली, एक मुलगी आणि एक मुलगा. चारचौघींसारखा संसार सुरू झाला. १९५९ मध्ये तो मोडला. घटस्फोट. तेव्हा तिचं वय ३७.

आज ‘घटस्फोट’ हा शब्द आपण फार न दचकता ऐकतो. १९५९ चं इंग्लंड वेगळं होतं. तेव्हाच्या कायद्यानं घटस्फोट हवा तर एकाचा दोष कोर्टात सिद्ध करावा लागायचा: व्यभिचार, छळ, सोडून जाणं, असं काहीतरी. ‘आमचं पटत नाही’ एवढं पुरायचं नाही. हा कायदा बदलला १९६९ मध्ये, आणि बदल लागू झाला १९७१ पासून. पगाराचंही तेच. एकाच कामाला बाईला पुरुषापेक्षा कमी पैसे देणं बेकायदेशीर नव्हतं. समान वेतनाचा कायदा १९७० मध्ये मंजूर झाला आणि प्रत्यक्षात आला १९७५ च्या शेवटी. म्हणजे लिझनं एकटीनं दोन मुलं वाढवली, ती या सगळ्या सुधारणा होण्याच्या *आधीची* वर्षं.

तिनं काय काय केलं, याची यादी लांब आहे. प्लास्टिकच्या पिशव्या तयार करणाऱ्या कारखान्यात माल तपासण्याचं काम. पोस्टात काम. मोठ्या दुकानांत विक्रेती. जे मिळेल ते. मिळेल ती नोकरी करायची, भाडं भरायचं, मुलांना जेवायला घालायचं.

रीलमध्ये हा भाग एका ओळीत संपतो: ‘तिनं खूप संघर्ष केला.’ मला वाटतं इथे जरा थांबायला हवं. कारण संघर्ष म्हणजे फक्त पैशांची ओढाताण नव्हे. ३७ ते ४९ ही बारा वर्षं नटीच्या आयुष्यात फार मोलाची असतात. त्या वयाच्या किती भूमिका असतात! आई, प्रेयसी, शिक्षिका, लेडी मॅकबेथ. लिझ स्मिथला त्यातलं काहीही करायला मिळालं नाही, आणि पुढे कितीही बक्षिसं मिळाली तरी ती वर्षं काही परत आली नाहीत.

संध्याकाळची शाळा

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग.

दिवसभर नोकरी आणि घरी दोन मुलं, एवढं असतानाही ती संध्याकाळी अभिनय शिकायला जायची. चार्ल्स मॅरोविट्झ नावाचा अमेरिकन दिग्दर्शक त्या काळात लंडनमध्ये काम करत होता. तो अमेरिकेतली ‘मेथड’ पद्धत ब्रिटिश नटांना शिकवायचा. मार्लन ब्रँडोच्या निमित्तानं तुम्ही हा शब्द ऐकला असेल. पाठ केलेले संवाद छान आवाजात म्हणायचे, ही झाली जुनी रीत. मेथडमध्ये माणसाच्या आत शिरायचं, स्वतःच्या आठवणी खणून काढायच्या आणि संहिता बाजूला ठेवून प्रसंग उत्स्फूर्तपणे उभा करायचा.

विचार करा, त्या वर्गात वयानं लहान, उत्साही नटमंडळी असणार. त्यांच्यात ही चाळिशीची बाई, दिवसभराची नोकरी उरकून आलेली. तिच्याकडे खणून काढायला आठवणींची कमी नव्हती.

उन्हाळ्यात ती बटलिन्सच्या हॉलिडे कॅम्पमध्ये नाटकं करायची. बटलिन्स म्हणजे ब्रिटनच्या समुद्रकाठी कामगार कुटुंबांसाठी उभारलेल्या स्वस्तातल्या सुट्टीच्या वसाहती. खोली, जेवण, करमणूक, सगळं एका पैशात. तिथे नाटकं कापून आटोपशीर केलेली असायची. प्रेक्षकांत पोरं रडतायत, कुणी मध्येच उठून जातंय, कुणी खातंय. असल्या प्रेक्षकाला धरून ठेवायला शिकलात की पुढे कुठलाच प्रेक्षक अवघड जात नाही. आपल्याकडचे जुने नट गणपतीतल्या मांडवांबद्दल असंच सांगतात.

तर हिशेब मांडा. लहानपणापासूनची ओढ. उत्स्फूर्त अभिनयाचं शिक्षण. कॅम्पमधला सराव. याला ‘उशिरा सुरुवात’ म्हणायचं? मी तर म्हणेन, एका मोठ्या, बिनपगारी उमेदवारीची ती शेवटची वर्षं होती.

निरोप

लंडनमध्ये रीजंट स्ट्रीटवर हॅम्लीज नावाचं खेळण्यांचं प्रचंड दुकान आहे. मुंबईतल्या मॉलमध्ये त्याची शाखा तुम्ही पाहिली असेल. ख्रिसमसच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत लिझ स्मिथ खेळणी विकत होती, आणि तिथे असतानाच तिच्यापर्यंत एक निरोप आला. कुणी माइक ली नावाचा तरुण दिग्दर्शक सिनेमा करतोय आणि त्याला मध्यमवयीन बाई हवी आहे. उत्स्फूर्त अभिनय येत असलेली.

माइक ली आज जगभर नावाजलेला आहे, ‘सीक्रेट्स अँड लाइज’ आणि ‘व्हेरा ड्रेक’ या सिनेमांसाठी. तेव्हा मात्र तो पंचविशी नुकती ओलांडलेला, एकही सिनेमा नावावर नसलेला मुलगा होता. त्याचं ‘ब्लीक मोमेंट्स’ हे नाटक १९७० मध्ये लंडनच्या ओपन स्पेस थिएटरमध्ये झालं होतं आणि त्याचाच तो सिनेमा करायला निघाला होता. गंमत ऐका. हे ओपन स्पेस थिएटर १९६८ मध्ये ज्या दोघांनी सुरू केलं, त्यातला एक होता चार्ल्स मॅरोविट्झ. तोच, ज्याच्या वर्गाला लिझ जायची. म्हणजे निरोप काही आकाशातून पडला नाही. प्रयोगशील रंगभूमीवरच्या मोजक्या लोकांच्या ज्या छोट्या जगात हा सिनेमा शिजत होता, त्याच जगात तिनं संध्याकाळी घाम गाळला होता.

आता माइक लीची कामाची रीत समजून घ्या, नाहीतर या निवडीतलं मर्म कळणार नाही. तो आधी संहिता लिहीत नाही. नटाला बसवतो आणि विचारतो: तुझ्या ओळखीची माणसं सांग. खरी माणसं. शेजारची बाई, ऑफिसातला साहेब, लांबची मावशी. त्यातून एखादी व्यक्ती निवडायची, तिच्यावर काम करत नवं पात्र घडवायचं. मग ती पात्रं एकमेकांसमोर आणायची आणि आठवडेच्या आठवडे प्रसंग उभे करायचे. त्यातून संवाद सापडतात, ते पक्के होतात आणि शेवटी चित्रीकरण.

अशा पद्धतीत सगळ्यात श्रीमंत नट कोण? ज्यानं जास्त माणसं जवळून पाहिली तो. पंचविशीतल्या, नुकत्याच नाट्यशाळेतून बाहेर पडलेल्या मुलीकडे किती माणसं असणार? लिझकडे कारखान्याचा सगळा मजला होता, पोस्टाचं काउंटर होतं, दुकानातली गिऱ्हाइकं होती, रेन्समधल्या मुली होत्या, आणि स्कनथॉर्पमधल्या आजीच्या पिढीच्या बाया होत्या. जी वर्षं वाया गेली असं कुणालाही वाटलं असतं, तीच या एका दिग्दर्शकाच्या खोलीत भांडवल ठरली. पण हेही विसरू नका की दिग्दर्शक दुसरा कुणी असता, तर त्याच वर्षांना शून्य किंमत आली असती.

‘ब्लीक मोमेंट्स’ १९७१ मध्ये आला. लिझचं काम छोटं होतं: एका पात्राची आई. सिनेमाला लोकार्नो महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पण पैसा काही मिळाला नाही. माइक लीला चित्रपटगृहासाठीचा पुढचा सिनेमा करायला १९८८ उजाडलं! मधली सतरा वर्षं त्यानं बहुतेक काम टीव्हीसाठी केलं. आणि तेच लिझच्या पथ्यावर पडलं.

मिसेस थॉर्नली

बीबीसीवर १९७० ते १९८४ या काळात ‘प्ले फॉर टुडे’ नावाची मालिका चालायची. दर वेळी नवी, स्वतंत्र गोष्ट. त्यात कामगारांची घरं आली, संप आले, उत्तरेकडची बोली आली. जिला पूर्वी दोन वाक्यांची मोलकरीण म्हणून उभं केलं असतं, तिच्यावर इथे सबंध नाटक होऊ लागलं.

शब्दशः तसंच झालं. मार्च १९७३ मध्ये माइक लीचं ‘हार्ड लेबर’ प्रसारित झालं. नायिका मिसेस थॉर्नली, दुसऱ्यांच्या घरी साफसफाई करणारी बाई. गाव सॅलफर्ड, माइक ली जिथे वाढला ते. भूमिका लिझ स्मिथची. वय ५१, आणि पहिल्यांदा मध्यवर्ती काम.

ही मिसेस थॉर्नली फार बोलत नाही. ती काम करते. मालकिणीच्या घरी पुसते, स्वतःच्या घरी येऊन पुन्हा पुसते. नवऱ्याची बोलणी ऐकते, मुलांचं ऐकते. शेवटी शेवटी ती चर्चमध्ये पाद्र्यासमोर कबुली द्यायला जाते आणि म्हणते की माझ्या मनात माणसांबद्दल पुरेसं प्रेम नाही. पाद्र्याचं लक्षही धड नसतं. तो एखादं ठरलेलं प्रायश्चित्त सांगून तिला वाटेला लावतो. आरडाओरडा नाही, रडणं नाही. पण अंगावर येतं. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि आपण त्यांना शेवटचं ‘कशा आहात?’ कधी विचारलं, हे आठवेनासं होतं.

जाता जाता एक माहिती: याच ‘हार्ड लेबर’मध्ये एका टॅक्सी ड्रायव्हरच्या छोट्या भूमिकेत बेन किंग्जली आहे. तोच, नऊ वर्षांनी आलेल्या ‘गांधी’मधला.

साठीनंतरची भरभराट

यानंतर लिझला काम कमी पडलं नाही. सत्तरच्या दशकात बीबीसीची ‘आय डिडन्ट नो यू केअर्ड’ ही विनोदी मालिका. १९८१ मध्ये मेरिल स्ट्रीपचा ‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन’, त्यात कडक मिसेस फेअरली.

१९८४ मध्ये आला ‘अ प्रायव्हेट फंक्शन’. निर्मिती हँडमेड फिल्म्सची, म्हणजे बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनच्या कंपनीची. काळ १९४७ चा. युद्ध संपलंय पण रेशनिंग सुरू आहे. गावातली प्रतिष्ठित मंडळी राजकन्या एलिझाबेथच्या लग्नानिमित्त मेजवानीसाठी चोरून एक डुक्कर पाळतात, आणि मायकेल पेलिन व मॅगी स्मिथ हे नवरा-बायको ते पळवतात. घरात बायकोची म्हातारी आई असते, सदा भुकेली, अर्धवट विसरभोळी. घरात डुक्कर लपवलंय, वास सुटलाय, आणि म्हातारीला तो वास आपलाच आहे की काय अशी शंका. ही आई म्हणजे लिझ स्मिथ. बाफ्टा पुरस्कारांत या एका सिनेमाला अभिनयाची तीन बक्षिसं मिळाली: मॅगी स्मिथ, डेनहोम एलियट आणि सहायक अभिनेत्री म्हणून लिझ स्मिथ. वय ६३.

नव्वदीत ‘द व्हिकार ऑफ डिबली’ आली. गावच्या चर्चवर पहिल्यांदाच बाई पाद्री नेमली जाते, अशी ही मालिका. त्यात लिझची लेटिशिया क्रॉपली, जी कशातही काहीही मिसळून पदार्थ करते आणि लोक सभ्यपणे गिळतात. १९९६ च्या ईस्टर भागात हे पात्र मरतं.

आणि मग १९९८. ‘द रॉयल फॅमिली’. नावावर जाऊ नका, राजघराण्याशी काही संबंध नाही. मँचेस्टरमधलं एक कामगार कुटुंब, आडनाव रॉयल, स्पेलिंगही वेगळं. लेखन कॅरोलाइन अहर्न आणि क्रेग कॅश यांचं. सगळी मालिका जवळजवळ एकाच दिवाणखान्यात घडते. समोर टीव्ही चालू, सोफ्यावर घरचे लोक, हातात चहा-सिगरेट, आणि गप्पा. मागून हसण्याचे आवाज नाहीत. काही ‘घडत’ नाही. तरी आपण बघत राहतो, कारण आपल्या घरीही संध्याकाळी हेच चालू असतं.

यात लिझ आहे नाना, म्हणजे बायकोची आई. ही नाना आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. नातवाची मैत्रीण शाकाहारी आहे असं कळल्यावर ती अगदी आपुलकीनं विचारते, मग हिला पातळ कापलेलं हॅम चालेल का? ‘शाकाहारी आहेस? बरं, मग नुसता रस्सा घे’ म्हणणारी आजी आणि ही नाना सख्ख्या बहिणीच.

२००६ मध्ये या मालिकेचा विशेष भाग आला, ‘द क्वीन ऑफ शीबा’. नाना आता आजारी आहे, तिचा पलंग दिवाणखान्यातच आणलाय. टीव्ही चालूच आहे. लेक आईचे केस विंचरते आणि दोघी हळू आवाजात बोलतात. त्यात विनोदही आहे, आणि आता थोडेच दिवस उरलेत हे दोघींना माहीत आहे, हेही आहे. मग नाना जाते. विनोदी मालिकेत मृत्यू इतक्या साधेपणानं दाखवलेला मी तरी फारसा पाहिलेला नाही. पुढच्या वर्षी लिझला ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. वय ८५.

२००६ मध्येच तिचं आत्मचरित्र आलं, ‘अवर बेटी’. आपली बेटी. उत्तरेकडे घरच्या माणसाचं नाव असंच घेतात. इतकी वर्षं लिझ स्मिथ म्हणून जगल्यावर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तिनं स्कनथॉर्पच्या घरातली हाक ठेवली.

२००९ मध्ये तिला एमबीई हा किताब मिळाला. त्याच वर्षी पक्षाघाताच्या झटक्यांनंतर तिनं अभिनय थांबवला. २४ डिसेंबर २०१६ रोजी, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, ९५ व्या वर्षी ती गेली.

मग रीलचं काय करायचं?

आता माझं भांडण पूर्ण करतो.

उशिरा आलेले लोक आपल्याकडेही आहेत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. चाळिशीच्या आगेमागे डॉक्टरकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले. पण त्याआधी कॉलेजपासून ते हौशी रंगभूमीवर सतत काम करत होते. म्हणजे तिथेही ‘अचानक’ काहीच नव्हतं. फरक एवढाच की त्यांच्या हातात सोडायला एक प्रतिष्ठेचा व्यवसाय होता. लिझकडे सोडायला होती ती ख्रिसमसपुरती काउंटरची नोकरी.

रील आपल्याला सांगतं की इच्छा असली की झालं. लिझच्या गोष्टीत इच्छा तर पहिल्या दिवसापासून होती. पन्नाशीत बदललं ते बाहेरचं जग. कामगारवस्तीतला हेल अडचण न मानता त्यातच गोष्ट शोधणारे दिग्दर्शक आले. साध्या, थकलेल्या, मध्यमवयीन बाईकडे कॅमेरा वळवायला पैसे देणारी बीबीसी होती. हे पंधरा वर्षं आधी झालं असतं, तर कदाचित आपल्याला पस्तिशीतली लिझ स्मिथही पाहायला मिळाली असती. आणि पंधरा वर्षं उशिरा झालं असतं, तर कुठलंच नाव आपल्यापर्यंत आलं नसतं. तिच्यासोबत कारखान्यात पिशव्या तपासणाऱ्या बायकांमध्ये आणखी एखादी लिझ असेलही. तिला निरोप आला नाही.

तरी एक गोष्ट सर्वस्वी तिचीच. निरोप आला तेव्हा ती तयार होती. उद्या कुणी बोलावेल याची काडीइतकी खात्री नसताना ती संध्याकाळी वर्गाला जात राहिली. निरोप येणं तिच्या हातात नव्हतं, तो आल्यावर खोलीत जाऊन काय करायचं हे येणं तिच्या हातात होतं. तेवढं तिनं सोडलं नाही.

बावीस-पंचवीसच्या वयात ‘आपलं सगळं उशिरा चाललंय’ या विचारानं रात्री जागणारे तुमचे बरेच मेसेज मला येतात. त्यांना मी ‘सगळं ठीक होईल’ असं सांगणार नाही, मला ते माहीत नाही. पण आज जी नोकरी कंटाळवाणी वाटतेय, तिथल्या माणसांकडे जरा नीट बघा, आणि जे शिकायचंय ते संध्याकाळी का होईना शिकत राहा. एवढं सांगू शकतो.

तर या शनिवार-रविवारी ‘चार्ली’ पुन्हा लावा आणि पलंगावरच्या त्या आजीकडे लक्ष ठेवा. मिळालं तर ‘द क्वीन ऑफ शीबा’ही बघा. घरी आजी असेल तर तिच्या शेजारी बसून बघा; भाषा कळली नाही तरी दिवाणखाना कळेल.

भाग कसा वाटला ते नक्की कळवा. तुमच्या ओळखीत पन्नाशीनंतर काही नवं हाती घेतलेल्या कुणी काकू, मावशी असतील तर त्यांच्याबद्दलही लिहा, नावाशिवाय लिहिलंत तरी चालेल. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, काळजी घ्या!